अक्रोडावरचं पिंप

आमच्या बाबांना संत मार्टिनच्या सणाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, चर्चच्या आवारात, आईच्या डाव्या हाताला पुरलं. घंटा वाजली. मेणबत्त्या होत्या. आमचे पाद्री, फादर आमिकोने, रडले, शिंकलेही. आमच्या मोन्तोर्सोलो गावातली निम्मी माणसं हजर होती आणि उरलेली निम्मी भिंतीवरून बघत होती.

असं काही झालेलं नाही.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. पोपच्या दरबारातून तसा कागद आला आहे आणि सम्राटाच्या छावणीतूनही आला आहे. गेल्या बारा वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेली ही एवढी एकच गोष्ट. तेव्हा आपणही ती झाली नाही असंच धरून चालू. न झालेली गोष्ट कशी झाली, तेवढं फक्त सांगतो.

भांडण बिशपवरून होतं. आमच्या खोऱ्याचा बिशप पोपनं नेमायचा की सम्राटानं? दोघांनी एकेक नेमला. पोपचा बिशप रोममध्ये बसून आमचा बिशप होता, सम्राटाचा बिशप घोड्यावर बसून. आम्ही दोघांपैकी कुणालाच पाहिलं नव्हतं. पण सम्राटाच्या माणसांनी आमच्या किल्ल्यात मुक्काम ठोकला, म्हणून पोपनं गावावर धर्मबंदी घातली. सम्राटावर बहिष्कार टाकून झाला होता, त्याला काही फरक पडला नव्हता. आम्हाला पडेल असा अंदाज होता. अंदाज बरोबर निघाला.

फादर आमिकोनेंनी पोपचं पत्र पायरीवर उभं राहून वाचलं आणि मग चर्चच्या दाराला काटेरी फांद्यांचा भारा लावला. संतांच्या मूर्ती जमिनीवर आडव्या केल्या. घंटेच्या लोलकाला मेंढीचं कातडं गुंडाळायला ते शिडीवर चढले आणि उतरताना खांद्यावर पडले. रविवारची मिस्सा बंद, लग्नं बंद. जन्मलेल्याला बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याची पापकबुली एवढं चालू. म्हणजे यायला आणि जायला परवानगी होती, मधलं सगळं बंद. आणि गेल्यावर पवित्र जमिनीत पुरणं बंद. पत्रात शेवटी असंही होतं की सम्राटाच्या माणसांना जो कुणी भाकरी, पाणी किंवा भांडं देईल तो आपोआप बहिष्कृत.

आम्ही पिंपं घडवणारे. बाबांच्या हातांना दोन वर्षांपासून कंप होता, म्हणून काम मी करायचो आणि ते बाकावर बसून चुका काढायचे. ठसा मात्र त्यांचा होता, तीन पायांचा ससा. मुळात तो चार पायांचा व्हायचा होता. लोखंड कोरताना लोहाराकडून एक पाय उडाला, आणि लोहार म्हणाला की धावत्या सशाचा एक पाय तसाही दिसत नाही. बाबांना ते पटलं होतं. ठसा लाल तापवायचा, फळीवर दाबायचा, धूर निघायचा, ससा उमटायचा. ठसा नसलेलं पिंप आमच्या खोऱ्यात चोरीचं समजतात.

किल्ल्याचा कारभारी हार्टविग नावाचा जर्मन होता. त्याला आमची भाषा कामापुरती येत होती, शिव्या मात्र सगळ्या, आणि तो त्या फार मायेनं द्यायचा. बंदीच्या दुसऱ्या आठवड्यात तो आमच्या दुकानात आला.

"चाळीस पिंपं. पाण्याची. पंधरा दिवसांत," तो म्हणाला. मग रचून ठेवलेल्या फळ्यांवरून त्यानं हात फिरवला. "लाकूड छान वाळलंय तुझं, गाढवाच्या लेका."

"तीन वर्षं वाळवलंय, साहेब."

"मस्त पेटेल."

तो गेल्यावर बाबा बाकावरून म्हणाले, "कर बाबा, पिंपं कर. पण त्यांच्यावर ससा मारू नकोस."

"बिनठशाचं पिंप चोराचं वाटतं, बाबा."

"मग वाटू दे. चोरालाच तर देतोयस."

मी मान डोलावली. पण पिंप पुरं झालं की हात आपोआप भट्टीकडे जातो, तिथे डोकं लागत नाही. चाळिसाव्या पिंपावर ठसा टेकवताना मला बाबांचं बोलणं आठवलं. एकोणचाळिसांवर ससा आहे आणि एकावर नाही, हे बरं दिसणार नाही, म्हणून तोही दाबला. बाबांना सांगितलं नाही. त्यांची नजर तोवर अधू झाली होती, म्हणून ते जमलं.

जूनमध्ये बाबा गेले. जाताना शुद्धीवर होते. फादरनी कबुली घेतली. मग बाबांनी मला आणि माझ्या बहिणीला, इमिल्दाला, जवळ बोलावलं.

"मला तुमच्या आईशेजारी ठेवा," ते म्हणाले. "डाव्या अंगाला. उजव्या कानानं तिला ऐकू यायचं नाही. उजवीकडे ठेवलंत तर ओरडून घसा बसेल माझा."

एवढंच मागणं होतं त्यांचं. पिंपासारखी साधी गोष्ट. मी फादरना विचारलं.

"पुरायचं कधी, फादर?"

"बंदी उठली की."

"आणि ती कधी उठेल?"

"सम्राट गुडघ्यावर आला की."

"त्यांना संधिवात आहे म्हणतात."

"मग वेळ लागेल," फादर म्हणाले.

संध्याकाळी हार्टविग आला. त्यानं टोपी काढली, बाबांकडे बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "दोन शिपाई देतो," तो म्हणाला. "पाद्र्याच्या मानेला भाला लावू. तो प्रार्थना म्हणेल, तू माती टाक. अर्ध्या तासाचं काम आहे, डुकरा."

खरं सांगायचं तर मला मोह झाला. पण फादर दारातच उभे होते.

"भाल्याच्या धाकानं आवारात एक मूठ जरी माती उकरली, तरी सगळं आवार विटाळतं," ते म्हणाले. "तिथे झोपलेले सगळे. तुझी आईसुद्धा. मग ती पवित्र जमिनीत आहे असं म्हणता येणार नाही. एखाद्या शेतात पडलीय असं होईल."

म्हणजे बाबांना आईशेजारी नेलं असतं तर आईच तिथून गेली असती. मी हार्टविगला नको म्हणालो. तो नाराज झाला. चांगलं करायला गेलं की हे असं होतं, असं काहीतरी तो जर्मनमध्ये पुटपुटला.

बंदीत मेलेल्यांना झाडावर ठेवायची आमच्याकडे जुनी रीत आहे. कुठेतरी रानात पुरलं तर तो कुत्र्यासारखा पुरला गेला, हे आपणच मान्य केल्यासारखं होतं. झाडावर ठेवला तर तो अजून पुरायचा राहिलाय, एवढंच. आवाराच्या भिंतीला लागून एक अक्रोड आहे. खोड आत, आणि मोठ्या फांद्या भिंतीवरून रस्त्यावर आलेल्या. फादरनी तीन दिवस विचार केला आणि निकाल दिला की मूळ आत असल्यामुळे झाड पवित्र आहे, पण फांदी बाहेर असल्यामुळे बंदी मोडत नाही.

"मग बाबा आत की बाहेर?" मी विचारलं.

"वर," फादर म्हणाले. हे उत्तर त्यांना स्वतःलाच आवडलं. पुढे ते सगळ्यांना तेच देऊ लागले.

पेटी उन्हात तडकते, पिंप तडकत नाही. मी ओकच्या फळ्या घेतल्या, सगळ्यात चांगल्या, ज्या बाबांनी स्वतः निवडून बाजूला ठेवल्या होत्या. बाबांना आत बसवलं, गुडघे छातीशी. इमिल्दानं त्यांचं डोकं धरलं होतं.

"खाली बघू नकोस, दादा. हात चालव," ती म्हणाली.

मीठ घातलं, रोजमेरी घातली. वरचं झाकण बसवून भोवती लोखंडी कडी ठोकली, सांध्यांत राळ भरली. एक थेंब आत जाणार नव्हता की बाहेर येणार नव्हता. मग मी भट्टीतून ठसा काढला.

"तो कशाला आता?" इमिल्दा म्हणाली.

"बिनठशाचं पिंप..."

"समजलं. मार."

मी दाबला. नीट उमटला. तिन्ही पाय.

ऑक्टोबरपर्यंत त्या अक्रोडावर नऊ पेट्या आणि एक पिंप झालं. वारा सुटला की दोर कुरकुरायचे. त्या वर्षी त्या झाडाचे अक्रोड कुणी खाल्ले नाहीत. म्हणजे खाल्ले, पण कबूल कुणी केलं नाही. दर रविवारी, मिस्सा व्हायची त्या वेळेला, इमिल्दा फांदीखाली उभी राहून वर तोंड करून बाबांना गावाची खबर सांगायची. तिचं लग्न गवंडीकाम करणाऱ्या रुफीनोशी ठरलं होतं आणि बंदीमुळे अडकलं होतं.

"बाबा, रुफीनो अजून तयार आहे," ती सांगायची. "दादाचं मात्र कुठेच जमत नाहीये. सलगमचं सूप पिववत नाही त्याच्या हातचं, म्हणून मीच करते."

मी पिंपाखालून जाताना वर बघायचो नाही. बघायचो ते दोराकडे. दोर दर तीन महिन्यांनी बदलावा लागायचा.

दुसऱ्या वर्षी शरदात तह झाला. पोप आणि सम्राट कुठल्याशा शहरात भेटले. सम्राटानं पोपच्या पायाचं चुंबन घेतलं, पोपनं सम्राटाच्या गालाचं, आणि दोघांनी मिळून बाम मासा खाल्ला. हार्टविग सामान बांधून निघून गेला, जाताना मला डुक्कर म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. आठवड्याभरानं पोपचा वकील बंदी उठवायला आला. नाव गिस्लेरियो, किडकिडीत, अतिशय सभ्य माणूस. त्याच्या खेचरावर घडीचं मेज होतं. आवाराच्या फाटकाशी ते मेज मांडून त्यानं एकेक पेटी उतरवून घेतली. नाव, कबुली झाली होती का, पुढे. दुपारपर्यंत सगळे पुरून होतील असा त्याचा हिशेब होता.

पिंप खाली आलं तेव्हा तो उठून जवळ आला आणि वाकला.

"हा ससा आहे," तो म्हणाला.

"हो, महाराज."

"याला तीन पाय आहेत."

"चौथा धावताना दिसत नाही, महाराज."

"तहाच्या वेळी सम्राटाच्या छावणीत चाळीस पिंपांवर मी हाच पाहिला होता. तेव्हा मला वाटलं, जर्मनीत ससे असेच असावेत."

फादर आमिकोने माझ्याकडे बघू लागले. इमिल्दाही. मी पुढे झालो.

"ती पिंपं मी केली, महाराज. बाबांनी हात लावला नाही. ठसा मारू नको असं ते म्हणाले होते, तरी मी मारला. सवयीनं."

गिस्लेरियोनं लेखणी खाली ठेवली. त्याला माझं वाईट वाटत होतं, हे स्पष्ट दिसत होतं. "ठसा कुणाचा?"

"बाबांचा."

"दुकानाचा उस्ताद कोण?"

"बाबाच."

"मग पिंपं त्यांची. तुझा हात म्हणजे त्यांचं अवजार. रंध्यावर कुणी बहिष्कार टाकत नाही."

"पण मी सांगतोय ना, मी केलं म्हणून."

"तसं म्हणायचं असेल तर तो वेगळा दावा होतो. रोमला जाईल. तीन वर्षं धर, चार धर. तोवर पिंप वर. जिंकलास तर बहिष्कृत तू, आणि मग तुला बापाच्या दफनाला उभं राहता येणार नाही."

"हरलो तर?"

"हरलास तर खोटी साक्ष."

"आणि आज?"

"आज सोपं आहे. बहिष्कृत मेला असेल तर त्याला शुद्ध करून घ्यायचा विधी आहे. पश्चात्तापाचं स्तोत्र म्हणायचं आणि दर ओळीला छडीचा एक फटका. शवाला किंवा शवपेटीला. एकोणीस ओळी आहेत. जेवायच्या आधी पुरून मोकळा होशील."

फटके पाद्र्यानं मारायचे असतात. पण फादरचा उजवा खांदा शिडीवरून पडल्यापासून वर जात नव्हता, आणि वकिलाला नोंद करायची होती. त्यानं जरा विचार केला.

"मुलगा मारू दे, फादरच्या वतीनं," तो म्हणाला. "अवजार म्हणून चालेल."

कुणीतरी हेझेलची छडी तोडून आणली. इमिल्दा पिंपाच्या पलीकडे उभी होती.

"हळू मार, दादा."

"ऐकू आलं पाहिजे," गिस्लेरियो म्हणाला. "नाहीतर मोजता येणार नाही."

फादरनी पहिली ओळ म्हटली. मी मारलं.

आता पिंपवाल्याचं एक असतं. पिंपावर टकटक केली की आत किती आहे ते त्याला कळतं. मी लहान होतो तेव्हा द्राक्षाच्या हंगामात बाबा मला तळघरात डोळे मिटून उभं करायचे आणि पिंपावर काठी मारून विचारायचे, सांग, किती. चुकलो की पुन्हा. असं करत त्यांनी माझे कान घडवले. आता ते कान बंद करायची काही सोय नव्हती. तिसऱ्या फटक्याला मला कळलं की आत निम्मंही उरलेलं नाही. सातव्या फटक्याला, ते कुठल्या बाजूला कललेत ते कळलं. बाराव्याला आत काहीतरी सरकलं, लहानसं, आणि तळाशी जाऊन बसलं. फादर थांबले. गिस्लेरियोनं बोटानं खूण केली, चालू द्या. मी एकोणीस पुरे केले. वकिलानं कागदावर एकोणीस रेघा ओढल्या होत्या, त्या त्यानं दोनदा मोजल्या.

"झालं," तो म्हणाला. "चांगला मुलगा आहेस."

त्यानंतरचं मी सुरुवातीला सांगितलं आहे. घंटा, मेणबत्त्या, डावी बाजू.

नाताळ झाल्यावर इमिल्दा आणि रुफीनोचं लग्न चर्चमध्ये लागलं. मी दुकान चालवलं. ठसा मात्र बदलला. आता नुसतं वर्तुळ मारतो, लोहाराला चुकायला त्यात काही नाही.

तह अकरा महिने टिकला. मग सम्राटानं पुन्हा एक बिशप नेमला, पोपनं पुन्हा एक नेमला, आणि दोघांनी आठवड्याच्या अंतरानं पत्रं काढली. पोपच्या पत्रात होतं की तह कपटानं करवून घेतलेला होता, सबब तो पहिल्या दिवसापासून झालेलाच नाही. सम्राटाच्या पत्रातही तेच होतं, फक्त कपट करणाऱ्याचं नाव वेगळं. तह झाला नाही म्हणजे बंदी उठली नाही. बंदी उठली नाही म्हणजे मधल्या काळात बंदी मोडून जे जे केलं, ते केलेलं नाही. हार्टविग किल्ल्यावर परत आला.

"आलो बघ परत, गाढवाच्या लेका," तो दुकानाच्या दारातून म्हणाला. "पण मी गेलोच नव्हतो म्हणतात."

इमिल्दाला तेव्हा आठवा महिना होता. फादर तिच्या घरी गेले आणि तिचं लग्न झालेलं नाही हे त्यांनी तिला शक्य तितक्या नरम शब्दांत सांगितलं.

"मग हे काय आहे, फादर?" तिनं पोटाकडे बोट करून विचारलं.

"त्याबद्दल पत्रात काही नाही," फादर म्हणाले.

ती माझ्याकडे राहायला आली. रुफीनो रोज संध्याकाळी येतो, दार वाजवतो, आत येऊ का विचारतो, आणि ती नाही म्हणते. मग येतो.

बाबांना आम्ही एका सोमवारी बाहेर काढलं. सोबत बाकीचे सगळे. ओक चांगला होता, राळ टिकली होती, दोन कडी मात्र गंजली होती, ती मी बदलली. आईच्या डाव्या बाजूचा खड्डा भरून घेतला, नाहीतर पावसानं तिची बाजू खचली असती. पिंप वर गेलं, त्याच फांदीला. दोर नवा घेतला.

फादर खाली उभे होते, खांदा दाबत.

"तह झाला नाही, म्हणजे बाबांची शुद्धीही झाली नाही?" मी विचारलं.

"नाही झाली."

"म्हणजे ते अजून बहिष्कृत."

"हो."

"म्हणजे बंदी उठली तरी पुन्हा शुद्धी करावी लागेल."

"लागेल," ते म्हणाले. "खांदा बरा झाला तर मी करेन."

"मग ते एकोणीस फटके?"

फादरनी डाव्या हातानं क्रूसाची खूण केली.

"त्याबद्दल पत्रात काही नाही," ते म्हणाले.

म्हणून मी अर्ज केला. लॅटिनमध्ये फादरनी घातला, मजकूर माझा. रोमला पाठवला. नक्कल सोबत आहे:

*परमपूज्य पिता पोप यांच्या दरबारी, मोन्तोर्सोलो येथील पिंपं घडवणारा बाल्दिनो, मयत गुआस्को याचा मुलगा, याचा नम्र अर्ज. कारणे अर्ज की, आपल्या पत्रानुसार गेल्या वर्षीचा तह झालेला नाही व त्या आधारे झालेलं माझ्या वडिलांचं दफन झालेलं नाही, हे अर्जदारास पूर्ण मान्य असून त्याने त्यांना स्वहस्ते पूर्ववत झाडावर ठेवलं आहे. मात्र त्याच तहाच्या आधारे, त्याच दिवशी, अर्जदाराच्या हातून वडिलांना छडीचे एकोणीस फटके मारले गेले. ज्या न्यायाने दफन झालं नाही, त्याच न्यायाने ते फटकेही मारले गेले नाहीत, असा अर्जदाराचा समज आहे. सबब विनंती की, सदर एकोणीस फटके मारलेच गेले नाहीत, असा सहीशिक्क्याचा दाखला अर्जदारास मिळावा. तसेच परलोकाच्या किल्ल्या आपल्याच दरबाराकडे असल्याने, सदर दाखल्याची एक प्रत मयतास पोहोचवून, ती त्यांना मिळाल्याची पोच अर्जदारास कळवावी.*